वऱ्हाडचा मार्गशीर्ष आणि ध्वनिमुद्रिकांतले आवाज

कपाशीची वेचणी चालू असताना आणि तुरीला शेंगा धरत असताना वऱ्हाडात जो गारठ्याचा काळ येतो, त्यातील दोन प्रसंग आवाजाने ओळखले जातात: मार्गशीर्ष पौर्णिमेची दत्तजयंती आणि २० डिसेंबरची गाडगेबाबांची पुण्यतिथी. या दिवसांत अमरावती-अकोल्याच्या परिसरातील देवळांच्या कर्ण्यांवरून जे ऐकू येते, ते बहुतांशी दरवर्षी तेच असते. आणि 'तेच' म्हणताना केवळ रचना तीच असे अभिप्रेत नसून गायकही तोच, त्याचा श्वासही त्याच ठिकाणी घेतलेला, असे अभिप्रेत असते. रचना कोणीही गाऊ शकतो. ध्वनिमुद्रण मात्र एका दिवशी, एका खोलीत, एका कंठातून घडलेली घटना असते, आणि लोकांची प्रीती जडते ती बहुधा त्या घटनेवर.

दत्तजयंतीचे वऱ्हाडाशी नाते जुने आहे. दत्तावतार मानले गेलेले नृसिंह सरस्वती यांचा जन्म लाड कारंजाचा. हे गाव पूर्वी अकोला जिल्ह्यात होते आणि १९९८ मध्ये वाशीम जिल्हा वेगळा झाल्यावर त्यात गेले. जयंतीआधीच्या सप्ताहात गुरुचरित्राचे पारायण, म्हणजे नेमाने ठरावीक अध्यायांचे संपूर्ण वाचन, घरोघर चालते. या पोथीच्या आणि करुणात्रिपदीसारख्या प्रार्थनांच्या जोडीला विसाव्या शतकात भावगीताच्या वळणाची दत्तगीते आली, आणि त्यांत आर. एन. पराडकर यांच्या आवाजातील 'दत्त दिगंबर दैवत माझे' हे गीत इतके रुजले की ते पारंपरिक पदच असावे, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात त्याचे कवी सुधांशु, म्हणजे सांगली जिल्ह्यातील औदुंबरचे हणमंत नरहर जोशी, हे याच काळातील होते. त्यांचे निधन २००६ साली झाले. पराडकरांच्या गायनात तानांची आतषबाजी नाही, शब्द स्वच्छ आहेत आणि सूर आर्जवी आहे. देवळाच्या फाटक्या कर्ण्यातूनही अक्षर न् अक्षर कळते, हा त्या गायनाचा गुण त्याच्या लोकप्रियतेच्या कारणांत मोजला पाहिजे.

दुसरे कारण तांत्रिक आहे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत, त्यामुळे भजनात तासभर रंगणारी रचना ध्रुवपद आणि तीन-चार अंतरे एवढ्यावर आणावी लागे आणि पुनरावृत्ती छाटावी लागे. या सक्तीतून आटोपशीर भक्तिगीत घडले, जे रेडिओवरील पहाटेच्या भक्तिसंगीतात नेमके बसत असे. १९४८ साली सुरू झालेल्या नागपूर आकाशवाणीने ते वऱ्हाडच्या खेड्यांपर्यंत नेले. पुढे कॅसेट आली, एका बाजूला अर्धा तास मिळू लागला, आणि अजित कडकडे यांनी गायिलेले, प्रवीण दवणे यांनी लिहिलेले व नंदू होनप यांनी संगीत दिलेले 'निघालो घेऊन दत्ताची पालखी' पालखीच्या चालीवर पावले टाकू लागले. मिरवणुकीला हे गाणे अधिक शोभते, पहाटेला मात्र पराडकरच.

ध्वनिमुद्रणावरील अशी निष्ठा जगात इतरत्रही आढळते. अर्विंग बर्लिन यांचे 'व्हाइट ख्रिसमस' हे अमेरिकी नाताळगीत बिंग क्रॉस्बी यांनी २९ मे १९४२ रोजी ध्वनिमुद्रित केले. त्यावरून इतक्या प्रती काढल्या गेल्या की मूळ मुद्रण झिजले, आणि मार्च १९४७ मध्ये त्याच गायकाला जवळजवळ त्याबरहुकूम ते पुन्हा गावे लागले. आज सर्वत्र वाजते ते बहुधा हे दुसरे मुद्रण. हिमवर्षावाचे हे गीत दोन्ही वेळा थंडीच्या ऐन दिवसांबाहेर गायिले गेले, ही गंमत वेगळीच.

गाडगेबाबांच्या बाबतीत अशी पुनरावृत्ती अशक्य होती. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेल्या बाबांचे मुंबईत वांद्रे येथे ८ नोव्हेंबर १९५६ रोजी झालेले कीर्तन ध्वनिमुद्रित झाले, आणि त्यानंतर सहा आठवड्यांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडे येत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी अमरावतीच्या गाडगेनगरात आहे. शास्त्रोक्त नारदीय कीर्तनात पूर्वरंगात तत्त्वनिरूपण आणि उत्तररंगात आख्यान असते. बाबांनी हा साचा बाजूला ठेवून श्रोत्यांना प्रश्न विचारत, त्यांच्याकडून उत्तर वदवून घेत आणि मध्येच नामाचा गजर उठवत कीर्तन उभे केले. कर्ज, दारू, देवापुढची पशुहत्या आणि मुलांचे शिक्षण हे त्यांचे विषय वऱ्हाडी बोलीत येतात. छापील कीर्तनात हे विषय मिळतात, पण प्रश्नानंतरचा ताण आणि गजराचा चढता ठेका केवळ ध्वनिमुद्रणातच सापडतो. राजदत्त यांच्या 'देवकीनंदन गोपाला' (१९७७) या चित्रपटात डॉ. श्रीराम लागू यांनी बाबा समर्थपणे उभे केले, तरी मूळ आवाजातला खरखरीतपणा अभिनयाच्या आवाक्याबाहेरचा आहे.

पुण्यतिथीला अनेकदा या कीर्तनातील गजराचा तुकडा तेवढा लावला जातो. त्याने वातावरण भारते हे खरे, परंतु गजराच्या आधी बाबांनी लोकांना काय विचारले, हे त्यात गळून जाते. म्हणून ज्यांच्याकडे पूर्ण ध्वनिमुद्रण आहे, त्यांनी निदान त्या एका दिवशी ते सुरुवातीपासून लावावे.