अभियंत्यांची कारकुनी

तंत्रज्ञ सरकारी चाकरीकडे फिरकत नाहीत, हे गाऱ्हाणे खानदेशात टिकत नाही. जळगाव-धुळ्याच्या अभ्यासिकांत अभियांत्रिकीचे पदवीधर तलाठी परीक्षेची तयारी करीत असतात. २०२३ साली राज्यातील ४,६४४ तलाठीपदांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले होते! मात्र निवड झालेला अभियंता कारकुनीत अडकतो आणि संगणकाचे काम कंत्राटदाराकडे जाते. शिरपूर तालुक्यातील रोहिणी ग्रामपंचायतीने २०२५ मध्ये ई-प्रशासनाचा राष्ट्रीय सुवर्ण पुरस्कार पटकावला. मोठ्या कचेऱ्यांत मात्र संगणकावर आलेला अर्ज कागदावर छापून पुन्हा टेबलोटेबली फिरविला जातो. ही रीत मोडण्याचा अधिकार जाणकाराला नाही, साहेबाला आहे. आणि २००५ च्या बदली कायद्याप्रमाणे साहेबांची सर्वसाधारण मुदत अवघी तीन वर्षांची.