रिकाम्या उत्तराचे जेसन होत नाही

सर्व्हरने विनंती मान्य केली, पण उत्तरात एक अक्षरही पाठवले नाही, की जेसन वाचणारा कोड अडखळतो. जेसनच्या मानकानुसार (आरएफसी ८२५९, २०१७) मजकुरात एक तरी मूल्य लागते. रिकामी यादी चालते, नुसते 'नल'ही चालते. कोरी बॉडी चालत नाही.

तारकर्लीच्या एखाद्या होमस्टेच्या ॲपवरून खोली रद्द केली, तर डिलीट विनंतीला सर्व्हर अनेकदा २०४ हा स्टेटस पाठवतो. काम झाले, बॉडी नाही, एवढाच त्याचा अर्थ. ॲपमधल्या, विनंत्या पाठवणाऱ्या लायब्ररीने तरीही जेसन वाचायला घेतले की एरर येते. खोली रद्द झालेली असते आणि पाहुण्याला 'अयशस्वी' दिसते. तो अर्थातच पुन्हा बटण दाबतो.

म्हणून आधी स्टेटस पाहावा. २०४, ३०४ आणि हेड विनंतीच्या उत्तराला बॉडी नसतेच.

२०० सोबतही बॉडी रिकामी येऊ शकते. इथे कंटेंट-लेंग्थ हेडरवर विसंबू नये. तुकड्यातुकड्यांनी येणाऱ्या उत्तरात तो नसतो. बॉडी आधी साधा मजकूर म्हणून वाचावी, काही हाती लागले तरच पार्स करावी, नाहीतर 'नल' द्यावे.

मात्र हे सरसकट नको. पावसाळ्यात मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद असतात. त्या काळात फेऱ्या विचारल्या तर रिकामी यादी यायला हवी. कोरी बॉडी आली, तर तो सर्व्हरचा दोष. तिथे 'नल' देऊन तो झाकू नये, स्टेटस आणि यूआरएलसह स्पष्ट एरर द्यावी. सगळ्या एरर गुपचूप गिळणारी लायब्ररी सर्वांत वाईट.