आखूड नळीचा मोठा आवाज

जळगावचा मेहरूण तलाव म्हणजे सकाळ-संध्याकाळ फिरायला येणाऱ्यांचे हक्काचे ठिकाण. पहाटे जमिनीलगतची हवा वरच्या थरापेक्षा थंड असली, की ध्वनिलहरी वर विरून न जाता खाली वळतात. अशा वेळी काठावरून एखादी जीप फडफडत गेली, तर पलीकडच्या काठालाही तिची वर्दी मिळते. मूळ सायलेन्सर काढून दाराखालून बाजूने नळी काढण्याची ही हौस मूळची अमेरिकेची. शेव्हरोले कंपनीने १९६५ च्या कॉर्व्हेट मोटारीला अशी नळी मागणीनुसार देऊ केली होती. आपल्याकडील मालमोटारींना मात्र बाजूची नळी नवी नाही. महामार्गावरील कित्येक ट्रकांचा धूर उजव्या अंगानेच बाहेर पडतो.

उजव्याच अंगाने का, याला कारण आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील ११२ व्या नियमानुसार मोटारीचा धूर खाली किंवा डाव्या बाजूस सोडता येत नाही. तो उजवीकडे किंवा मागे सोडावा लागतो. डावीकडे पादचारी चालतात, बसथांबे असतात. परंतु आपल्याकडे चालकही उजवीकडेच बसतो. नळीचे तोंड त्याच्या खिडकीखाली आले, तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो. या वायूला रंग नाही, वास नाही. म्हणून तोंड शेवटच्या खिडकीच्या मागे आणि बाहेरच्या दिशेने वळवलेले असावे. इंधनाच्या नळीपासून किमान ३५ मिलिमीटर अंतर राखण्याचे बंधनही याच नियमावलीत आहे.

आता आवाजाचे गणित. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला २००० फेरे घेते, तेव्हा सेकंदाला सुमारे ६७ वेळा धुराचा झोत बाहेर फेकला जातो. गाडीचा घुमणारा खर्ज तो हाच. चारशे अंश सेल्सिअसच्या तप्त वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५२० मीटर असतो, त्यामुळे या खर्जाची लहर पावणेआठ मीटर लांब भरते. साधी पोकळ पेटी लहरीच्या एक चतुर्थांश लांबीची असली की ती सर्वांत प्रभावी ठरते. म्हणजे येथे जवळजवळ दोन मीटर! जीपच्या पुढच्या-मागच्या चाकांमध्ये जेमतेम दीड मीटर मोकळे सापडते. बाजूच्या नळीची खरी अडचण ही आहे.

बाजारात सहज मिळणारा सरळ नळीचा सायलेन्सर, म्हणजे छिद्रे पाडलेली नळी आणि भोवती ग्लासवूल, या अडचणीवर उपाय नव्हे. तो वरच्या पट्टीतला कर्कशपणा शोषतो. खर्ज त्यातून जवळपास जसाच्या तसा निघून जातो. खर्जासाठी कप्प्यांची पेटी लागते. तिचा व्यास नळीच्या तिप्पट ठेवला, तर छेदाचे क्षेत्रफळ नऊपट होऊन एका कप्प्यात फार तर १३ डेसिबलची घट मिळते. चौपट ठेवला तर १८ ची. पण पाच सेंटिमीटरच्या नळीला चौपट म्हणजे वीस सेंटिमीटरची पेटी, आणि ती फूटबोर्डाखाली लटकवली तर पहिल्याच गतिरोधकाशी तिची गाठ पडणार. जाणता कारागीर म्हणूनच पेटी लंबगोल, चपटी करतो. त्याहून शहाणपणाचा मार्ग म्हणजे मुख्य कप्प्यांची पेटी गाडीच्या पोटाखाली बसवून, ग्लासवूलचा छोटा सायलेन्सर आणि शेवटची नळी तेवढी बाजूला आणणे. दिसायला तीच ऐट राहते, कानाला मात्र फरक पडतो.

आवाज वाढला की ताकद वाढली, ही समजूत गॅरेजमध्ये हटकून ऐकू येते. नळी गरजेपेक्षा रुंद केली तर वायूचा वेग मंदावतो आणि कमी फेऱ्यांवरची ओढ उलट घटू शकते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांच्या गाडीत धूर शुद्ध करणारी उपकरणे याच मार्गावर असतात. तेथे करवत चालवणे म्हणजे ती निकामी करणे. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर ध्वनी व वायुप्रदूषणाची मानके मोडणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.

बांधणीत दुर्लक्ष होते ते पाण्याकडे. इंधन जळताना वाफ तयार होते. जवळच्या फेऱ्यांत पेटी पुरती तापत नाही आणि ती वाफ आत पाणी होऊन साचते. साधा पत्रा आतून गंजतो तो यामुळे. स्टेनलेस पत्रा महाग पडला तरी टिकतो, आणि पेटीच्या सर्वांत खालच्या जागी बारीक छिद्र ठेवले तर पाणी निथळून जाते. इंजिनाची थरथर सोसण्यासाठी मध्ये लवचिक जोड आणि टांगणीला रबर हवे, नाहीतर वेल्डिंगला तडा जातो. तेथे काजळीची रेघ दिसली, की धूर गळतो आहे असे समजावे. बाजूची नळी उतरणाऱ्याच्या पोटरीच्या उंचीवर असते. मे महिन्यात, जळगावचा पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना, गाडी थांबल्यावरही ती बराच वेळ तापलेली राहते. तिच्यावर जाळीदार पत्र्याचे आवरण बसवल्याखेरीज लहान मुलांना त्या बाजूने उतरवू नये.