अकरावी-बारावीचे जीवशास्त्र

दहावीपर्यंत जीवशास्त्र ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ या विषयाच्या दुसऱ्या भागात सामावलेले असते. अकरावीला महाराष्ट्राचे शिक्षण मंडळ ते स्वतंत्र विषय म्हणून शिकवते. मराठी माध्यमातल्या मुलांना तर ते एकदम इंग्रजीतून समोर येते. बारावीला 70 गुणांची लेखी आणि 30 गुणांची प्रात्यक्षिक परीक्षा असते. नावे आणि आकृत्या पाठ केल्या की झाले, असा या विषयाचा लौकिक आहे आणि गणिताला घाबरणारे त्याच भरवशावर इकडे वळतात. आनुवंशिकतेतली गुणोत्तरे कशीबशी निभावतात. उत्क्रांतीच्या प्रकरणात हार्डी-वाइनबर्गचे समीकरण येते तेव्हा पंचाईत होते.

विषयाची खरी गोडी कळते ती कांद्याच्या मुळांवरच्या प्रयोगात. बूड पाण्याला टेकवून ठेवलेल्या कांद्याला काही दिवसांत मुळे फुटतात. त्यांची टोके सकाळी कापून अॅसेटिक आम्ल आणि अल्कोहोलच्या मिश्रणात ठेवली, की पेशी आहेत त्या अवस्थेत थांबतात. मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल, अॅसिटोकार्मिन या रंगाचे थेंब, स्पिरिटच्या दिव्यावर हलकी ऊब (रंग उकळला की मेहनत वाया) आणि शेवटी कव्हर स्लिपवर अंगठ्याचा सरळ दाब. जमले तर सूक्ष्मदर्शकाखाली लालसर गुणसूत्रे दिसतात. कांद्याच्या पेशीत ती 16 असतात. पुस्तकात विभाजनाच्या सगळ्या अवस्थांना सारखीच जागा मिळते. स्लाइडवर बहुतेक पेशी विभाजनाआधीच्या अवस्थेत असतात, मध्यावस्थेतली पेशी शोधावी लागते. जी अवस्था थोडा वेळ टिकते, तिच्यातल्या पेशीही थोड्याच सापडतात. म्हणजे नुसत्या मोजणीवरून वेळेचा अंदाज बांधता येतो. जर्नलमध्ये आकृती उतरवून हे कळत नाही.

अनेक ठिकाणी नेमके हे प्रयोगच घाईत उरकले जातात, याचे मोठे कारण वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा. 2025 च्या नीटमध्ये 180 पैकी 90 प्रश्न जीवशास्त्राचे होते. 720 पैकी 360 गुण. चुकीच्या उत्तराला एक गुण वजा आणि हाताशी तीन तास. त्यामुळे एनसीईआरटीचे पुस्तक ओळीनओळ घोटले जाते आणि प्रयोगशाळा मागे पडते.

नीटशिवायही वाटा आहेत. औषधनिर्माणशास्त्र आणि कृषीसाठी राज्याच्या सीईटी या प्रवेश परीक्षेचा पीसीबी (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र) गट चालतो. त्यातल्या 200 पैकी 100 गुण जीवशास्त्राचे. गणितही ठेवले, तर अभियांत्रिकीचा पीसीएम गटही खुला राहतो. अभ्यास मात्र वाढतो.