शेताचा धुरा

अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांतून पूर्णा नदी वाहते. तिच्या खोऱ्यात काळ्याभोर जमिनीची शेते दूरवर पसरलेली आहेत. दोन शेतांच्या मध्ये जी पट्टी न नांगरता राखलेली असते, तिला वऱ्हाडात 'धुरा' म्हणतात. धुऱ्यावर बाभूळ, हिवर, बोर अशी काटेरी झाडेझुडपे वाढतात. परक्याला ती जागा वाया गेलेली वाटते; परंतु तेथे केवढा मोठा संसार चाललेला असतो!

बाभळीच्या टोकाच्या फांद्यांवर सुगरण पक्ष्याचा नर खोपा विणतो. काट्यांमुळे शत्रू तेथे सहजासहजी पोहोचत नाही. खाटीक पक्षी टोळ पकडून काट्याला टोचून ठेवतो व सवडीने खातो. खाली झुडपांच्या आडोशाला तितर अंडी घालतो. मुंगूस आणि धामण उंदरांच्या पाळतीवर असतात. किडे व उंदीर खाणारे हे मजूर शेतकऱ्याकडे कधी मजुरी मागत नाहीत.

बाभूळही शेतकऱ्याच्या उपयोगी पडते. तिची मुळे माती धरून ठेवतात. मुळांवरील गाठींत राहणारे सूक्ष्म जीव हवेतील नत्र जमिनीला मिळवून देतात. तिच्या टणक लाकडाची वखर-तिफण होते आणि शेंगा शेळ्या आवडीने खातात. शेळीच्या पोटातून आलेले बी लवकर रुजते. म्हणून गोठ्यातील असे बी वेचून मृगाच्या पावसात धुऱ्यावर पेरले, की नवे कुंपण उगवते.

मात्र धुरा मोकाट वाढू दिला, तर त्याची सावली पिकावर पडते आणि मुळे कडेच्या ओळींची ओल शोषून घेतात. यासाठी कापसाची वेचणी संपल्यावर, घरटी रिकामी आहेत असे पाहून, फांद्या छाटाव्या लागतात. एका वर्षी एक बाजू छाटावी, दुसऱ्या वर्षी दुसरी. म्हणजे पाखरांचा आसरा तुटत नाही. छाटलेल्या काट्यांनी कुपाटीतील खिंडारे बुजवता येतात. वाळलेल्या कुपाटीला वाळवी लागते. जिवंत कुंपण मात्र वर्षानुवर्षे टिकते.

काही ठिकाणी उन्हाळ्यात धुरे पेटवून देतात. एका दुपारच्या आगीत रोपटी, अंडी आणि सरपटणारे जीव जळून जातात. कोणी दरवर्षी थोडे थोडे नांगरून धुराच गिळून टाकतो. मग माती वाहून जाते आणि शेजाऱ्यांत तंटे उभे राहतात.

छाटलेली बाभूळ पावसाळ्यात पुन्हा पालवते. पण उजाड झालेला धुरा पुन्हा नांदता होण्यास कित्येक वर्षे लागतात.