आम्लाला डाग ओळखता येत नाही

उघड्या विटांच्या भिंतीच्या दरजा नव्याने भरल्या की काही दिवस ती भिंत आधीपेक्षा वाईट दिसते. सांधे ठाकठीक असतात, पण विटांच्या तांबड्या अंगावर सिमेंटचे राखाडी फराटे उठलेले असतात. गिलावा होणार असता तर ते झाकले गेले असते. पण अहमदाबादच्या आयआयएममध्ये लुई कान यांनी आणि केरळात लॉरी बेकर यांनी वीट उघडी ठेवली, तशी हौसेने ठेवलेली भिंत असेल तर फराटा जन्मभर समोर. घरमालक कुरकुरतो आणि गवंड्याचे उत्तर ठरलेले असते, "काळजी करू नका साहेब, ॲसिड मारून देतो."

ॲसिडपर्यंत वेळ यायचे खरे तर कारण नाही. वीट म्हणजे भाजलेली माती, बारीक रंध्रांनी भरलेली. आयएस १०७७ या भारतीय मानकानुसार नेहमीच्या वर्गातल्या विटेने २४ तास बुडवल्यावर स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत पाणी प्यायले तरी ती उत्तीर्ण होते. अशी तहानलेली वीट मालाला टेकली की त्यातले पाणी ओढते आणि त्या पाण्यासोबत विरघळलेला चुना व सिमेंटचे कण रंध्रांच्या तोंडाशी नेऊन बसवते. म्हणून सांडलेला माल लगेच ओल्या फडक्याने पुसणे हा सगळ्यात वाईट उपाय. फडके त्या मालाचा पातळ घोळ करते आणि तोच घोळ रंध्रांत भरते. एका ठिपक्याची हातभर राखाडी सावली होते.

जाणता गवंडी आधी भिंतीवर पाणी मारतो, म्हणजे विटांची तहान भागते. दरज भरल्यावर तो थांबतो. अंगठा दाबला तर जेमतेम ठसा उमटेल इतका माल घट्ट झाला की मग कोरडा कुंचा फिरवतो. त्या वेळी माल चिकटत नाही, कण कण होऊन झडतो. जे उरेल ते लाकडाच्या पट्टीने खरवडायचे, नाहीतर त्याच भट्टीच्या विटेचा तुकडा घेऊन घासायचे. ही जुनी युक्ती मला फार आवडते, कारण घासताना पडणारी भुकटीही भिंतीच्याच रंगाची असते. तारेचा ब्रश मात्र नको. त्याच्या तुटलेल्या लोखंडी काड्या विटेत अडकतात आणि पहिल्या पावसात गंजाचे ठिपके देतात.

आता ॲसिड. सिमेंट पाण्याशी संयोग पावते तेव्हा मुख्यतः दोन गोष्टी तयार होतात. एक कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट, ज्याच्यामुळे सिमेंटला ताकद येते. दुसरा चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू कॅल्शियम कार्बोनेट होतो, संगमरवरही त्याचाच. त्यावर हायड्रोक्लोरिक आम्ल पडले की कार्बन डायऑक्साइडचा फेस येतो आणि पाण्यात सहज विरघळणारे कॅल्शियम क्लोराइड उरते. फेस दिसला की गवंडी खूश, मालक खूश.

गडबड सिलिकेटच्या भागात होते. आम्ल सिलिकेटमधले कॅल्शियम ओढून काढते, पण सिलिका मागे राहते, बुळबुळीत जेलच्या रूपात. ती धुऊन न काढता भिंत वाळू दिली की विटेवर पांढुरका पापुद्रा दिसतो. तो पाहून आणखी ॲसिड ओतले जाते, आणि ते वाया जाते. सिलिकाला हायड्रोक्लोरिक आम्ल काही करू शकत नाही. तिला खाणारे हायड्रोफ्लुओरिक आम्ल काचही खाते आणि माणसाच्या हाडांपर्यंत पोचते. त्याच्या वाटेला घरी कुणी जाऊ नये.

शिवाय आम्लाला डाग आणि सांधा यांत फरक करता येत नाही. दोन्ही एकाच घमेल्यातले. विटेतले लोह विरघळले तर पिवळे-तपकिरी ओघळ येतात. फिकट रंगाच्या काही विटांत व्हॅनेडियमचे क्षार असतात. त्यांचे हिरवट डाग या आम्लाने जात नाहीत, उलट काळपट होऊन पक्के बसतात.

तरीही ॲसिड वापरायचेच असेल, तर दरजा भरल्यावर निदान आठवडाभर थांबावे आणि कोपऱ्यातल्या दोन विटांवर आधी करून पाहावे. भिंत पाण्याने चिंब करणे सगळ्यात महत्त्वाचे. रंध्रे पाण्याने भरलेली असली की आम्ल पृष्ठभागावरच राहते. एक भाग ॲसिड, दहा ते वीस भाग पाणी. पाण्यात ॲसिड घालायचे, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. काही मिनिटांत नायलॉनच्या ब्रशने घासून भरपूर पाण्याने धुवायचे. क्लोराइड भिंतीत राहिले तर हवेतला ओलावा ओढत राहते. ॲसिडच्या वाफेने ग्रिल आणि ॲल्युमिनियमच्या खिडक्याही खराब होतात. आणि जवळपास ब्लीचिंग पावडर नको, दोन्ही मिसळले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. ॲसिडच्या खुल्या विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निर्बंध घातले ते ॲसिडहल्ल्यांमुळे. पण आपल्याकडे ही बाटली फिनाइलच्या शेजारी ठेवली जाते, हे विसरू नये.

कधी कधी डाग मालाचा नसतोच. पांढरी भुकटी पाण्याने जाते आणि भिंत वाळली की परत येते, तर तो लोणा. त्याला ॲसिड लावणे म्हणजे क्षारांत क्षारांची भर. शंका असेल तर व्हिनेगरचा एक थेंब टाकून बघावा. बुडबुडे आले तर डाग चुन्याचा किंवा सिमेंटचा.

पुण्यातल्या जुन्या वाड्यांच्या भिंतींना यातले काहीच लागू नाही. तिथला माल घाण्यात मळलेल्या चुन्याचा. तो आता बहुतांश कॅल्शियम कार्बोनेटच आहे, म्हणजे ॲसिडसाठी डागाच्या आधी सांधाच मऊ घास. अशा भिंतीच्या दरजा सिमेंटने भरल्या की आणखी एक दुखणे लागते. सिमेंटमधून ओल बाहेर पडत नाही, ती विटेतून वाट काढते आणि विटेचे तोंड पापुद्र्यांनी सुटू लागते. तिथे दरज चुन्याच्या मालानेच भरावी. हा माल हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, त्यामुळे विटेवर सांडलेला चुना बराच काळ मऊ राहतो, आणि तो काढायला साधा कुंचा पुरतो.