ॲपमधले मैल आणि ४७वी ओळ

अमेरिकेत स्वतःचा व्यवसाय करणाऱ्याला वैयक्तिक विवरणपत्रासोबत ‘शेड्यूल सी’ भरावं लागतं. त्याच्या दुसऱ्या पानावरचा चौथा भाग गाडीचा आहे. गाडी धंद्यासाठी कधीपासून वापरता, वर्षभरात धंद्याचे मैल किती, घर ते कामाची जागा किती, इतर किती, खासगी वापराला दुसरी गाडी आहे का, असं विचारत विचारत फॉर्म ४७व्या ओळीवर येतो. तिथे दोनच छोटे प्रश्न आहेत : वजावटीला पुरावा आहे का, आणि असल्यास तो लेखी आहे का. समोर ‘हो’ आणि ‘नाही’च्या चौकटी. मैल आपोआप मोजणारं ॲप फोनमध्ये असलेला माणूस दोन्हीकडे बिनधास्त ‘हो’वर खूण करतो. घरं विकणारे एजंट, विमा विकणारे, घरोघरी जाऊन काम करणारे, उबर चालवणारे अशा सगळ्यांना, आणि त्यांच्यात न्यू जर्सीपासून बे एरियापर्यंत विखुरलेली मराठी माणसंही आलीच, असं वाटतं की ॲप घेतलं म्हणजे नोंदवहीचा प्रश्न मिटला. तो निम्माच मिटलेला असतो. गाडी कधी, कुठून कुठे आणि किती चालली, हे ॲपला कळतं. ती कशासाठी चालली, हे त्याला कळायचा मार्गच नाही आणि कायद्याचा भर नेमका त्यावर आहे.

हा भर कुठून आला, ते पाहण्यासारखं आहे, कारण ‘अंदाजे आकडा दिला तरी चालतं, कोर्ट समजून घेतं’ हा जुना समज त्याच इतिहासातून जन्मला. ब्रॉडवेवरचा प्रसिद्ध नट आणि निर्माता जॉर्ज कोहान पाहुणचारावर आणि प्रवासावर सढळ हाताने खर्च करायचा, पावती मात्र ठेवायचा नाही. वजावट नाकारली गेल्यावर तो अपिलात गेला. १९३० मध्ये न्यायाधीश लर्नेड हँड यांनी ठरवलं की खर्च झाला हे उघड असेल तर पुराव्याअभावी सगळंच शून्य धरणं बरोबर नाही; जमेल तितका जवळचा अंदाज बांधावा, आणि हिशेब न ठेवण्याचा दोष करदात्याचा असल्याने तो हात राखून बांधावा. हा ‘कोहान नियम’ आजही इतर काही खर्चांना लागू पडतो. गाडीला नाही. १९६२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कलम २७४(डी) आणून प्रवास आणि पाहुणचाराच्या खर्चातून अंदाजाला हद्दपार केलं आणि १९८४ मध्ये मोटारगाड्याही या कडक यादीत आल्या. त्यामुळे ‘मी रोज निदान तीस मैल फिरतोच’ हे विधान शंभर टक्के खरं असलं तरी तेवढ्यावर एका मैलाचीही वजावट मिळत नाही. गाडीच्या बाबतीत प्रत्येक व्यावसायिक वापराचे मैल, तारीख, ठिकाण आणि व्यावसायिक कारण दाखवावं लागतं, शिवाय वर्षभरातले एकूण मैलही.

याच्या अगदी उलट टोकाचा गैरसमजही तितकाच पसरलेला आहे : प्रत्येक फेरी त्याच क्षणी नोंदवली नाही तर सगळी वही बाद. ॲपच्या जाहिरातींना ही भीती सोयीची असते. १९८४च्या कायद्यात ‘वेळच्या वेळी केलेली नोंद’ अशी अट होती हे खरं. पण देशभर एवढी ओरड झाली की मे १९८५ मध्ये काँग्रेसने ती पूर्वलक्षी प्रभावाने काढून टाकली. आज नियम असं सांगतो की प्रवासाच्या सुमारास केलेल्या नोंदीला नंतर आठवून लिहिलेल्या नोंदीपेक्षा जास्त वजन आहे आणि आठवड्यातून एकदा लिहिलेली नोंदसुद्धा ‘त्या सुमाराची’च धरली जाते. गंमत म्हणजे १९८५च्याच नियमावलीत, सामान्य माणसाच्या हातात जीपीएस नव्हतं तेव्हा, ‘लॉगिंग प्रोग्राम’ वापरून संगणकात ठेवलेली नोंद ग्राह्य असल्याचं लिहिलेलं आहे. म्हणजे ॲपला आक्षेप कधीच नव्हता. आक्षेप असलाच तर रिकाम्या रकान्याला आहे.

तो रिकामा कसा राहतो, हे एखाद्या नोंदीत डोकावलं की दिसतं. ॲपने बनवलेली ओळ बहुधा अशी असते : मंगळवार, सकाळी १०.१२, एडिसन ते प्रिन्सटन, १७.४ मैल, ‘बिझनेस’. दशांशापर्यंत मैल, मिनिटापर्यंत वेळ. वाचणाऱ्याला वाटावं की याहून चोख काय असणार! पण ‘बिझनेस’ हे कारण नव्हे, ते एक लेबल आहे, आणि तेही बोटाने स्क्रीन उजवीकडे सरकवून लावलेलं. कित्येक ॲपमध्ये तर तेवढाही त्रास नको म्हणून सोय असते की सोमवार ते शुक्रवार नऊ ते पाच या वेळेतली प्रत्येक फेरी आपोआप व्यावसायिक धरावी. मग त्यात दुपारी दोनची दंतवैद्याकडची खेप येते, मुलाला शाळेतून आणणं येतं, पटेल ब्रदर्स या किराणा दुकानातली भाजी येते. तपासणीत अशी एक खेप सापडली की शंका उरलेल्या सगळ्या वहीवर जाते. त्याच ओळीपुढे ‘किचनच्या कामाचं माप घ्यायला ग्राहकाच्या घरी’ एवढे शब्द असते तर ती नोंद पुरी झाली असती. हे शब्द यंत्र लिहू शकत नाही, कारण ते फक्त चालवणाऱ्याच्या डोक्यात असतात आणि तीन आठवड्यांनी तिथूनही गेलेले असतात.

यावर एक वाजवी आक्षेप घेतला जातो : जीपीएसची नोंद हाताने लिहिलेल्या वहीपेक्षा तरी खात्रीची नाही का? अंतर आणि वेळेपुरती आहेच. हाताच्या वहीत सगळ्या फेऱ्या दहा, वीस, पंचवीस अशा गोल आकड्यांत आणि एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या दिसल्या की तपासणाऱ्याच्या भुवया वर जातात. ॲपबाबत ती अडचण नाही. पण फोन गाडीला नव्हे, माणसाला चिकटलेला असतो. तुम्ही मित्राच्या गाडीत मागे बसलात तरी तो मैल मोजतो आणि बॅटरी वाचवण्यासाठी फोनने ॲपला झोपवलं की तुमच्याच गाडीचे मैल निसटतात. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांना ओबीडी-२ हे सॉकेट सक्तीचं आहे. त्यात लावायचं यंत्र गाडीचेच मैल मोजतं, ही सुधारणा खरी. मात्र त्या गाडीने नवरा किंवा बायको किराणा आणायला गेली तर तेही मैल त्याच यादीत येऊन बसतात. ‘गूगल मॅप्सची टाइमलाइन आहे की’ असंही कुणी म्हणतं. ती आधाराला बरी, पण मूळ वही म्हणून कच्ची. २०२४ मध्ये तिचा साठा गूगलच्या सर्व्हरवरून ज्याच्या त्याच्या फोनवर हलवण्यात आला, तेव्हा फोन बदलण्याआधी बॅकअप घेतला नसेल तर आधार तिथेच संपला.

पैशाच्या बाजूचा गैरसमज जास्त महागात पडतो. आयआरएस, म्हणजे अमेरिकेची करयंत्रणा, दरवर्षी व्यवसायासाठी प्रति मैल दर जाहीर करते. २०२४ साठी तो ६७ सेंट होता, २०२५ साठी ७०. सरकारनेच दर ठरवून दिला म्हणजे पुरावा लागत नाही, असं अनेकांना वाटतं. दराने सुटका होते ती फक्त पेट्रोल, विमा, दुरुस्ती, घसारा यांच्या पावत्यांमधून. मैल किती, कधी आणि कशासाठी, हे सिद्ध करायचंच असतं. उलट दर ठरलेला असल्याने सगळी इमारत मैलांच्या एका खांबावर उभी राहते : १२,००० मैल गुणिले ७० सेंट म्हणजे ८,४०० डॉलर, आणि मैल नाकारले गेले की ती सगळी रक्कम जाते. शिवाय ८,४०० डॉलर ‘परत मिळतात’ हेही खरं नाही. करपात्र नफा तेवढ्याने कमी होतो, कर त्याच्या काही अंशानेच घटतो. व्यावसायिक फेरीतले टोल आणि पार्किंग वेगळे मिळतात, पण घसारा मिळत नाही, कारण २०२५च्या ७० सेंटांमधले ३३ सेंट घसाऱ्याचेच आहेत आणि गाडी विकताना ते हिशेबात येतात. आणि वर्षाअखेरीचा एकच आकडा कधी कधी निरुपयोगी ठरतो. २०२२ मध्ये पेट्रोल भडकल्यामुळे दर वर्षाच्या मध्येच बदलला, जूनअखेरपर्यंत ५८.५ सेंट आणि जुलैपासून ६२.५. ज्याच्याकडे फक्त वर्षाची बेरीज होती, त्याला जुलैआधीचे मैल कोणते हे सांगता येईना.

मैलांवरून घसरण होते ती बहुतेक घर ते काम या वाटेवर. रोज घरातून कामाच्या ठरलेल्या जागी जाणं ही खासगी बाब आहे, मग अंतर पाच मैल असो वा पंच्याहत्तर. मिसिसिपीतल्या जॅक्सनमध्ये राहून अलाबामातल्या मोबील इथे रेल्वे कंपनीसाठी काम करणाऱ्या फ्लॉवर्स या वकिलाचा प्रवासखर्च अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४६ मध्ये नाकारला. लांब राहणं ही त्याची स्वतःची निवड, धंद्याची गरज नव्हे. वाटेत क्लायंटशी फोनवर बोललं म्हणून ही फेरी व्यावसायिक होत नाही. गाडीच्या दारांवर धंद्याची जाहिरात चिकटवल्याने तर नाहीच. आयआरएसच्या ४६३ क्रमांकाच्या पुस्तिकेत हे स्पष्ट लिहिलेलं आहे, म्हणजे युक्ती करून पाहणारे बरेच झाले असणार. मात्र घरातली खोली हीच धंद्याची मुख्य जागा म्हणून कायद्यात बसत असेल, तर तिथून त्याच धंद्याच्या दुसऱ्या ठिकाणी जाण्याचे मैल चालतात. नकाशावर दोन्ही फेऱ्या हुबेहूब सारख्या दिसतात, तोच ड्राइव्हवे, तोच रस्ता. यातली खासगी कोणती आणि व्यावसायिक कोणती, हे उपग्रहाला कसं कळणार?

मराठी घरांत सर्वांत जास्त आढळणारा गैरसमज मात्र नोकरदारांचा आहे : कंपनीने पैसे दिले नाहीत तर आपण विवरणपत्रात मैल टाकू. २०१७च्या करकायद्याने पगारदारांची ही वजावट २०१८ पासून थांबवली आणि २०२५च्या कायद्याने ती कायमचीच बंद केली. राखीव सैनिकांसारखे मोजके अपवाद उरले. कॅलिफोर्निया, पेन्सिल्व्हेनिया अशा काही राज्यांच्या करात तिला जागा आहे, केंद्राच्या करात नाही. नोकरदाराच्या लॉगचा उपयोग मालकाकडून परतफेड घेण्यासाठी. ठरल्या दराने, नीट हिशेब देऊन घेतलेली परतफेड करमुक्त असते आणि खर्च झाल्यापासून ६० दिवसांत हिशेब दिला तर तो वेळेत धरतात. एच-१बी व्हिसावर असताना संध्याकाळी उबर चालवून मैल वजा करू पाहणाऱ्याला तर कराहून मोठी अडचण आहे, कारण तो व्हिसा मंजूर झालेल्या मालकाबाहेरचं काम करूच देत नाही. भारतातून आलेल्यांचा गोंधळ समजण्यासारखा आहे. १९६१च्या प्राप्तिकर कायद्यात मालकाने दिलेल्या गाडीतून घर ते ऑफिस जाणं हा लाभ धरतच नसत. पण गाडी निव्वळ कामासाठीच वापरली असं म्हणायचं तर त्याखालच्या नियम ३ नेही तारीख, ठिकाण, अंतर आणि खर्च यांची नोंद मागितली होती.

शेवटचा आक्षेप व्यवहारी आहे : प्रत्येक फेरीला कारण लिहीत बसलं तर धंदा कधी करायचा? नियमाने याचा विचार केला आहे. ठरलेल्या मार्गावर गिऱ्हाइकांकडे फिरणाऱ्या विक्रेत्याला दर थांब्याला कारण लिहावं लागत नाही, ते परिस्थितीवरूनच कळतं. एका दमात केलेली सलग फेरी एकाच नोंदीत बसते. मध्ये जेवायला थांबलं तरी ती तुटत नाही. नमुन्याचीही सवलत आहे. नियमावलीतल्या उदाहरणात घरून इंटीरियरचं काम करणारी एक बाई वर्षाचे पहिले तीन महिनेच चोख नोंद ठेवते, तिच्यात धंद्याचा वापर ७५ टक्के निघतो; पुढची बिलं काम त्याच वेगाने चालू राहिल्याचं दाखवतात, तेवढं पुरतं. तिथेच पुढे आणखी एक उदाहरण एका विक्रेत्याचं आहे. तो महिन्याच्या चौथ्या आठवड्यात सगळ्या ऑर्डरी पोचवतो आणि नोंद ठेवतो तीही नेमक्या त्याच आठवड्याची. ते चालत नाही. म्हणजे कमी लिहिण्याची मुभा आहे, सोयीचं तेवढंच लिहिण्याची नाही. ‘कोण बघतंय’ म्हणणाऱ्याला एवढंच सांगता येईल की सर्वसाधारणपणे विवरणपत्र भरल्यापासून तीन वर्षं तपासणी होऊ शकते आणि निष्काळजीपणा ठरला तर थकलेल्या करावर २० टक्के दंड बसतो.

म्हणून ॲप ठेवावंच, पण त्याचा आपोआप वर्गीकरणाचा खटका बंद ठेवावा आणि रविवारी रात्री पंधरा मिनिटं बसून आठवड्याच्या फेऱ्यांपुढे चार-चार शब्द लिहावेत. दर महिन्याला यादी पीडीएफमध्ये उतरवून फोनबाहेर ठेवावी. एक गोष्ट ॲपवर मुळीच सोडू नये, ती म्हणजे ओडोमीटर. एप्रिलमध्ये घेतलेल्या ॲपला जानेवारी ते मार्च माहीत नसतात आणि वर्षाचे एकूण मैल मात्र फॉर्मला हवेच असतात. ऑइल बदलताना गॅरेजवाला पावतीवर आकडा लिहितो, तो तुमच्या यादीशी जुळला नाही तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं. ३१ डिसेंबरला रात्री गाडी बंद करण्याआधी डॅशबोर्डचा एक फोटो काढून ठेवला की काम झालं. तोच आकडा पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीलाही चालतो.